स्वेच्छेने, असं लिहिलेलं

पत्र आलं तेव्हा मला वाटलं, चुकून आमच्या पेटीत पडलंय. जर्मनीत, र्युसेल्सहाइमला, आमच्या टपालपेटीत सरकारी लिफाफ्यांची कमी नसते, पण हा लिफाफा धर्मप्रांताच्या न्यायालयाचा होता. कॅथलिक चर्चचं स्वतःचं न्यायालय असतं आणि ते आजही चालतं, हे मला माहीत होतं. ते पुण्याच्या एका हिंदू बाईला बोलावू शकतं, हे माहीत नव्हतं. मजकूर अगदी सभ्य होता. एका विवाहाच्या वैधतेची चौकशी सुरू आहे, अर्जदार बाईंनी साक्षीदार म्हणून आपलं नाव दिलं आहे, आपण यावं ही विनंती. खाली दिवस, वेळ, खोलीचा नंबर आणि स्टेशनवरून कुठली बस घ्यायची तेही.

अर्जदार बाई म्हणजे माझी मैत्रीण. ती वसईची, कॅथलिक. हायडेलबर्गला पीएचडी करताना आम्ही तीन वर्षं एका फ्लॅटमध्ये राहिलो, शेजारशेजारच्या खोल्यांत, एका स्वयंपाकघरात. नऊ वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं. मुलगा तिच्याच समाजातला, इकडेच र्युसेल्सहाइमला गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर. दोन वर्षांपूर्वी जर्मन कोर्टात त्यांचा घटस्फोट झाला. पण चर्चच्या लेखी ते लग्न अजून उभं होतं. चर्च लग्न मोडत नाही. फार तर चौकशी करून एवढंच सांगतं, की लग्न मुळात लागलंच नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी तिला फोन केला. दुसरं लग्न करायचं ठरवलंयस का, असं विचारलं. ती नाही म्हणाली. मग ही उठाठेव कशाला?

"मला कुणीतरी कागदावर लिहून द्यायला हवंय," ती म्हणाली, "की ते 'हो' माझं नव्हतं."

तुला फार काही करायचं नाही, ती पुढे म्हणाली, फक्त फ्रँकफर्टच्या एअरपोर्टवर जे झालं ते सांग. ते बघणारी तू एकटीच आहेस.

एअरपोर्टवर असं झालं होतं. लग्न तीन आठवड्यांवर आलेलं. वसईच्या चर्चमध्ये दोघांची नावं रविवारी वाचून दाखवून झालेली, हॉल ठरलेला. तिच्या वडिलांना त्याआधी हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता आणि "हिने माघार घेतली तर मी काही उठत नाही" असं त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलेलं. मी तिला सोडायला गेले होते. बॅगा देऊन झाल्या, आणि सिक्युरिटीच्या रांगेपाशी ती एका खुर्चीत बसली ती उठेचना. रडत नव्हती, बोलत नव्हती, पासपोर्ट दोन्ही हातांत धरून नुसती बसली होती. मग म्हणाली, "मी जात नाही." अर्धा तास मी तिच्याशी बोलले. लग्नाआधी सगळ्यांनाच भीती वाटते, एकदा झालं की सगळं मार्गी लागतं, वडिलांचा विचार कर. शेवटी तिचा दंड धरून मी तिला उठवलं आणि रांगेत नेऊन उभं केलं. आत जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही.

एवढं तिला माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते असं, की दोन दिवस आधी तिच्या आईने मला फोन केला होता. मी त्यांना काकू म्हणते. "ती शेवटच्या क्षणी काहीतरी करेल," काकू म्हणाल्या होत्या, "तिला विमानात बसव. मला शब्द दे." आणि मी शब्द दिला होता. खुर्चीत बसलेल्या मैत्रिणीला 'घरी फोन करून येते' म्हणून मी दोनदा बाजूला गेले, तो फोन माझ्या घरी नव्हता, काकूंना होता. मैत्रिणीला वाटत राहिलं, मी तिच्या बाजूने होते, फक्त माझा सल्ला चुकला. नऊ वर्षं मी तिला तसंच वाटू दिलं.

माझं काम काय आहे तेही इथे सांगायला हवं. हायडेलबर्गच्या एका प्रकल्पात मी कॉम्प्युटरला जुनं हस्ताक्षर वाचायला शिकवते. त्या वर्षी आमच्यापुढे पाखंडी ठरवलेल्या लोकांच्या खटल्यांची पानं होती. बिशपांच्या न्यायालयांची, पोपनी नेमलेल्या चौकशी अधिकाऱ्यांची. जे आपल्याकडे 'इन्क्विझिशन' या एका शब्दात उरकतात, ते. माझं लॅटिन कामापुरतंच आहे, पण रोज तीच वाक्यं समोर आली की पाठ होतात. 'विचारलं असता ती म्हणाली.' 'पुन्हा विचारलं असता ती म्हणाली, आठवत नाही.' बोलणारी बाई जर्मनमध्ये बोलायची, कारकून लॅटिनमध्ये उतरवून घ्यायचा. तिचा आवाज कुठेच उरत नाही, फक्त तिने काय कबूल केलं ते उरतं.

मला त्यात सर्वांत भयंकर काय वाटायचं, तर साक्षीदारांची नावं लपवायची पद्धत. आपल्याविरुद्ध कोण बोललं हे आरोपीला सांगत नसत. त्याऐवजी विचारत, तुझे वैरी कोण? त्याने घेतलेल्या नावांत साक्षीदाराचं नाव निघालं, तर ती साक्ष कच्ची धरली जाई. त्या पानांवरची माणसं आठवून आठवून नावं सांगतात. शेताच्या बांधावरून भांडलेला शेजारी, दीर, जुना मालक. कितीदा तरी साक्ष देणारं माणूस त्या यादीत नसतंच, कारण ते घरातलं असतं, एका ताटात जेवलेलं. वैऱ्यांची नावं सांगताना मैत्रिणीचं नाव कोण घेईल?

आणि एक शब्द होता, 'स्वेच्छेने'. छळ करून मिळवलेला जबाब तेवढ्याने पुरत नसे. नंतर दुसऱ्या खोलीत, जिथे दोर नाहीत की कप्पी नाही, तिथे तोच जबाब त्या माणसाकडून पुन्हा वदवून घेत आणि लिहीत: स्वेच्छेने सांगितलं. मशीन तो शब्द फार लवकर वाचायला शिकलं, इतक्या वेळा तो येतो. पत्र आल्यावर मात्र त्या शब्दापाशी आलं की माझा हात थांबायला लागला. कारण मी वसईला लग्नाला गेले होते, तिसऱ्या बाकावर बसले होते, आणि फादरनी तिला सगळ्यांसमोर विचारलं होतं, कुणाच्याही दबावाशिवाय, स्वेच्छेने आलीस ना? तिने हो म्हटलं होतं, स्पष्ट आवाजात.

माझ्या नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. तो आणि मैत्रिणीचा आधीचा नवरा एकाच इमारतीत काम करतात, कॅन्टीनला एका टेबलावर बसतात. "जाऊ नकोस," तो म्हणाला. "वेळ नाही म्हणून कळव. आता काही त्यांच्याकडे शिपाई नाहीत तुला धरून न्यायला." ते खरंच होतं. न गेले असते तर कुणीही काही करू शकलं नसतं.

पुढच्या शनिवारी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये मैत्रिणीचा तो आधीचा नवरा आमच्या गाडीपाशी उभा होता. योगायोग नव्हता, वाट बघत होता. त्याच्या हातात पिशवीसुद्धा नव्हती. नमस्कार-चमत्कार झाल्यावर तो म्हणाला, न्यायालयाने त्यालाही कळवलंय, साक्षीदारांच्या यादीत माझं नाव बघितलं. मी ट्रॉलीतून सामान काढून डिकीत ठेवत राहिले. तो वाईट माणूस नाही. त्यांच्या संसारात मारहाण नव्हती, दारू नव्हती. सात वर्षं एका घरात दोन माणसं एकमेकांना घाबरून राहिली, एवढंच.

"तिच्यावर जबरदस्ती झाली होती, असं तू सांगणार आहेस?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, जे झालं ते सांगणार आहे.

"मग मला का नाही सांगितलंस? तू लग्नात माझ्या शेजारी उभी राहून फोटो काढलास." त्याचा आवाज चढला नव्हता. "कोर्ट म्हणेल, लग्न नव्हतंच. मग मी सात वर्षं काय केलं?"

मी डिकी बंद केली. तो चालत निघून गेला. नवरा गाडीत बसून सगळं ऐकत होता. घरी आल्यावर म्हणाला, आता तर तुला जावंच लागेल, त्यालाही उत्तर हवंय.

न्यायालय कॅथीड्रलच्या मागच्या गल्लीत होतं. मी मनात काय धरून गेले होते कोण जाणे, पण आत लिनोलियमची जमीन, पांढऱ्या भिंती, कुंडीत रबराचं झाड. एखाद्या विमा कंपनीचं ऑफिस असावं तसं. फक्त दारावर क्रूस. न्यायाधीश म्हणजे साठीचे एक फादर, करड्या स्वेटरखाली पांढरी कॉलर. त्यांच्या बाजूला कीबोर्डवर हात ठेवून बसलेली एक बाई. ती प्रत्येक शब्द टिपणार होती. बाकी कुणी नाही. साक्षीदारांना एकेकटं ऐकतात, असं फादरनी समजावून सांगितलं. पुढ्यात प्रश्नांचा कागद होता. त्यातले काही प्रश्न एका वेगळ्या अधिकाऱ्याने काढलेले होते, लग्न खरंच लागलं होतं या बाजूने बोलणं हेच ज्याचं काम.

नाव, पत्ता, धर्म. मग व्यवसाय. मी सांगितलं. त्यांनी कागदावरून मान वर केली.

"कुठल्या न्यायालयाच्या नोंदी?"

मी म्हटलं, काही बिशपांच्या, काही पोपच्या माणसांच्या.

"म्हणजे आमच्याच," ते म्हणाले. थोडं थांबून त्यांनी शपथेचं विचारलं. शपथ घेता येईल, नाहीतर खरं सांगेन असं नुसतं वचनही चालेल, तुमच्या श्रद्धेप्रमाणे ठरवा. साधा प्रश्न होता, पण मला लगेच हो म्हणता येईना. आमच्या पानांत एका पंथाची माणसं येतात, जी कुठलीच शपथ घेत नसत. देवाने मनाई केली आहे म्हणत. त्यांना पकडायची युक्तीच ती होती. शपथ घे म्हणायचं. कचरला की तो पाखंडी. ह्या खोलीत मला काही होणार नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी शपथ नको म्हटलं. मी वचन दिलं. त्यांनी मान हलवली, बाईंनी टाइप केलं.

पहिला अर्धा तास सोपा गेला. ओळख कधीची, स्थळ कुणी आणलं, वडिलांचा स्वभाव कसा. लग्नात नवरी आनंदात दिसत होती का, हाही प्रश्न होता. मी खरं ते सांगितलं: हो, हसत होती, नाचली, मला आग्रहाने केक भरवला. मैत्रिणीच्या बाजूचं ते नव्हतं, पण तसं झालं होतं. मी उत्तर दिलं की फादर ते आपल्या शब्दांत बाईंना सांगत आणि बाई लिहून घेत. 'साक्षीदार सांगते की.' माझ्यासमोर मी तृतीयपुरुषी होत चालले होते.

मग एअरपोर्ट आलं. त्याआधी मी विचारलं, हे कोण वाचणार?

दोन्ही पक्ष, ते म्हणाले. तुमच्या नावासकट. इथे कुणाची साक्ष लपवत नाहीत.

"माझी मैत्रीणही?"

"तीही. तिचा तो हक्क आहे."

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहायला आजही जड जातं. ज्या पद्धतीची मला रोज किळस यायची, तीच मला हवीशी वाटली. नाव झाकून ठेवा, मग सगळं सांगते. पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी ज्यांनी शेजारणीबद्दल सांगितलं, तीही काही सगळी दुष्ट नसतील, असं पहिल्यांदाच मनात आलं. त्यांनाही दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर जायचं असेल.

मी खुर्चीचं सांगितलं, पासपोर्टचं सांगितलं, "मी जात नाही" सांगितलं. फादर बाईंकडे वळून सांगू लागले: साक्षीदार अर्जदाराच्या सोबत सुरक्षा-तपासणीपर्यंत गेली. बाईंची बोटं चालली. तिथेच सोडता आलं असतं. वाक्य खोटं नव्हतं.

"सोबत गेले नाही," मी म्हटलं. "मी तिला नेलं."

फादर म्हणाले, फरक समजावून सांगा.

मग मी सांगितलं. काकूंचा फोन, दिलेला शब्द, बाजूला जाऊन केलेले दोन फोन, धरलेला दंड. ती बसली होती त्या खुर्चीतून परतीच्या ट्रेनच्या स्टेशनकडे जायची वाट दिसत होती आणि मी मुद्दाम मधे उभी राहिले होते, हेसुद्धा. माझं जर्मन एरवी चांगलं आहे, त्या दिवशी क्रियापदं सापडेनात. बाईंनी एकदा टाइप करायचं थांबून पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. फादरनी शेवटचा प्रश्न केला: तुम्ही तिथे नसता, तर ती विमानात बसली असती का?

"नाही," मी म्हटलं.

छापलेली पानं त्यांनी मला वाचायला दिली. त्या जुन्या लोकांनाही जबाब वाचून दाखवत असत, मग ते खाली फुली मारत. मी 'सोबत गेली' खोडून 'घेऊन गेली' केलं आणि सही केली. निरोप देताना फादरनी माझं कौतुक केलं नाही, धीरही दिला नाही. फक्त म्हणाले, हे तुम्ही तिला आधी स्वतः सांगितलंत तर बरं.

मी नाही सांगितलं. रोज ठरवायचे, रोज टाळायचे. तीन महिन्यांनी तिला पानं वाचायला बोलावलं तेव्हा मला कळलंही नाही. ती तिथून थेट हायडेलबर्गला आली आणि आमच्या इन्स्टिट्यूटच्या पायऱ्यांवर बसून राहिली. मी जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडले तर समोर ती.

"आईने तुला फोन केला होता?"

"हो."

"आणि तू तिला शब्द दिलास."

मी पुन्हा हो म्हटलं. ती म्हणाली, दंड धरलास त्याचं काही नाही, ते मला आठवतंय, मला वाटायचं तू घाबरलीस माझ्यासाठी. नऊ वर्षं मी आईशी भांडून तुझ्याकडे रडायला यायचे, आणि तू मला चहा करून द्यायचीस. एवढं बोलून ती उठली. मी तिच्या मागे गेले नाही. पुढचे पाच महिने तिने माझा फोन घेतला नाही.

तिच्या आधीच्या नवऱ्याकडून मात्र एक मेसेज आला. 'वाचलं. मुंबईला एअरपोर्टवर तिला आणायला मी गेलो होतो. डोळे सुजले होते. सर्दी झालीय म्हणाली, मी औषधाच्या दुकानात गेलो.' मी त्याला उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पाठवलं नाही. काही दिवसांनी माझ्या नवऱ्याकडून कळलं, तो वोल्फ्सबुर्गला दुसऱ्या नोकरीवर चाललाय. कॅन्टीनला तो शेवटपर्यंत माझ्या नवऱ्याशी नीट बोलत होता.

निकाल लागला. दबाव आणि भीतीखाली दिलेली संमती, म्हणून विवाह मुळातच अवैध. त्याने अपील केलं नाही. हे मला कळलं ते मैत्रीण एका रविवारी दुपारी न सांगता आमच्या दारात उभी राहिली तेव्हा. हातात निकालाची प्रत होती. आत येऊन तिने ती डायनिंग टेबलावर ठेवली, कोटही काढला नाही.

म्हणाली, आईला निकाल ऐकायचाय. आईची साक्ष तिकडे वसईच्या फादरांपुढे झाली होती. कुणी जबरदस्ती केली नाही, पोर आपल्या मर्जीने आली, असं तिने सांगितलं होतं. न्यायालयाने तिचं मानलं नाही, माझं मानलं, आणि का मानलं ते दोन पानं भरून लिहिलं होतं. सगळं जर्मनमध्ये.

"मी वाचणार नाही तिला," मैत्रीण म्हणाली. "तू वाच. मराठीत सांग."

तिने फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि टेबलाच्या पलीकडे बसली. काकूंचा आवाज आला, आधीपेक्षा बारीक झालेला. मी कोण ते सांगितलं. मी वाचायला लागले. एकेक वाक्य जर्मनमधून मराठीत करत, अर्जदाराची आई, साक्षीदार, साक्षीदाराने दिलेला शब्द. मध्ये एकदा मी 'आई' ऐवजी 'तुम्ही' म्हणाले आणि मग तसंच म्हणत राहिले. तुम्ही मला फोन केलात. तुम्ही म्हणालात, तिला विमानात बसव. मी हो म्हटलं. पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. मैत्रीण माझ्याकडे बघत नव्हती, फोनकडे बघत होती.

वाचून झालं.

"बरोबर लिहिलंय," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "फादरांपुढे मी खोटं बोलले. तिचे बाबा गेलेत आता, त्यांच्या नावाला डाग नको म्हणून. त्याचं काय करायचं ते मी बघेन."

मी कागद खाली ठेवले. त्यांनी विचारलं, ती तिथे आहे का. मी मैत्रिणीकडे पाहिलं. तिने स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला. त्या दोघी त्यांच्या घरच्या बोलीत बोलायला लागल्या. ती मला नीट समजत नाही. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि दार ओढून घेतलं.